तोटी कोणी तोडली?

दोस्तांनो, शाळेत पालकांची बैठक भरली की तुम्हाला काय वाटतं? पोटात गोळा येतो ना? आत आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय, बाईंनी ती परवाची गोष्ट सांगितली तर नसेल, घरी गेल्यावर आपली काही खैर आहे का, अशा शंभर शंका! दार बंद असतं आणि आपण बाहेर पटांगणात.

आज ते दार आपण थोडं किलकिलं करू या. आधी एक सांगून ठेवायला हवं. या बैठकीतली शाळा आणि माणसं कल्पनेतली आहेत. पण त्यांच्यापुढचा प्रश्न खराखुरा आहे, आणि बोलण्यात येणारे कायदे, सालं नि थोर माणसंही खरीच आहेत.

शाळा आहे सिन्नर तालुक्यातली. नाशिकहून पुण्याकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर सिन्नर लागतं. तिथलं गोंदेश्वराचं दगडी मंदिर पाहायला तुमच्यातले काही जण सहलीला गेलेही असतील. माळेगाव आणि मुसळगावचे कारखाने, कांद्याची शेतं, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका, असा हा मुलूख. पाऊस मात्र इथे हात राखून पडतो. त्यामुळे पाण्याची किंमत इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

तर अशा एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते आठवी. मार्च महिना. मधल्या सुट्टीत टाकीपाशी सहावी-सातवीच्या मुलांची ढकलाढकली झाली आणि नळाची तोटी मुळापासून तुटली! कोणी ओरडलं, कोणी पळालं. चिंध्यांचा बोळा कोंबून पाणी थांबवेपर्यंत टाकी जवळजवळ रिकामी झाली. पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली तहानलेलीच घरी गेली. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना भांडी घासायला पाणी उरलं नाही.

"तोटी कोणी तोडली?" मुख्याध्यापकांनी विचारलं. सातवीचा वर्ग मुका! जणू तोटी आपोआपच तुटली.

त्याआधीच्या आठवड्यात एका मुलाचं दप्तर कोणीतरी गटारात टाकलं होतं. तेव्हाही असंच. कोणी काही पाहिलं नव्हतं. अखेर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली. समितीबाहेरच्या पालकांनाही निरोप गेला. विषय एकच – मुलांची शिस्त.

"आमची परवानगी आहे!"

माळेगावच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तसेच आलेले एक वडील उठले. डोळे लाल झालेले.

"सर, तुम्ही हात आखडता का घेता? माझं पोरगंही त्याच वर्गात आहे. द्या दोन ठेवून! पाहिजे तर लिहून देतो, मारायला आमची परवानगी आहे म्हणून."

चार-सहा माना डोलल्या. मुख्याध्यापक हसून म्हणाले, "दादा, तुम्ही लिहून दिलंत तरी मला ते चालत नाही."

का चालत नाही? शिक्षण हक्काचा कायदा संसदेनं २००९ साली केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देणारा हाच तो कायदा. त्यातलं कलम १७ सांगतं, की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. शिक्षकानं हे मोडलं तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. 'आई-वडिलांची परवानगी असेल तर चालेल' अशी पळवाट त्यात ठेवलेली नाही. मूल आपलं हे खरं, पण पाठ त्याची स्वतःची असते!

मानसिक त्रास म्हणजे काय, हेही समजून घ्या. 'तू दगडच राहणार' असं सगळ्यांसमोर म्हणणं, घरच्या गरिबीवरून किंवा जातीवरून टोमणा मारणं, टोपणनाव ठेवून वर्गाला हसवणं. याचा वळ दिसत नाही, पण तो बरेच दिवस दुखतो.

सिन्नरच्या या वडिलांनी विचारलं, 'मी हो म्हटलं तर?' दूर स्कॉटलंडमधल्या दोन आयांनी एकदा नेमका उलटा प्रश्न विचारला होता, 'मी नको म्हटलं तर?' तिथल्या शाळांत तेव्हा चामड्याच्या पट्ट्यानं हातावर मारायची पद्धत होती. ग्रेस कॅम्पबेल या आईनं, आपल्या मुलाला पट्टा मारणार नाही अशी हमी मागितली. ती मिळाली नाही. जेन कोझन्स या दुसऱ्या आईचा मुलगा जेफ्री घरी जाताना बंदी असलेल्या वाटेनं, दफनभूमीतून, जायला निघाला म्हणून १९७६ साली त्याला पट्ट्याची शिक्षा फर्मावली गेली. त्यानं हात पुढे करायला नकार दिला, तर शाळेनं त्याला घरी बसवलं. तो पुन्हा त्या शाळेत गेलाच नाही. दोघी आया थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. १९८२ साली निकाल लागला, की पालकांच्या मताचा मान शाळेला राखावाच लागेल. आणि मार खायला नकार दिला म्हणून मुलाचं शिक्षण तोडता येणार नाही. पुढे १९८६ साली ब्रिटनच्या संसदेत सरकारी शाळांतली मारहाण बंद करण्याचा प्रश्न आला, तेव्हा खालच्या सभागृहात तो मंजूर झाला फक्त एका मतानं! म्हणजे पाहा, हा वाद काही आपल्याच गावचा नाही.

"नाव काढून टाका!"

दूध घालणारे एक काका म्हणाले, "मारायचं नाही तर नका मारू. पण दप्तर गटारात टाकणारं पोरगं सापडलं की दाखला हातात द्या त्याच्या. एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो."

म्हण खरी आहे, पण मुलगा म्हणजे आंबा नव्हे. शिक्षण हक्काच्या कायद्याचं कलम १६ सांगतं, की आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ साली या कलमात बदल झाला. पाचवी आणि आठवीला नापास मुलाला फेरपरीक्षेनंतरही त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. पण शाळेतून काढायला बंदी कायमच आहे. आणि विचार करा, काढलेला मुलगा जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या भिंतीपलीकडेच उभा असणार.

मग मागून कोणीतरी सुचवलं, "सगळ्या वर्गालाच धरा! उभं करा उन्हात. आपोआप नाव सांगतील."

आता मात्र तुम्हाला कोणाची तरी आठवण झाली असेल. होय, लोकमान्य टिळक! वर्गात शेंगांची टरफलं पडली होती, सगळ्यांना ती उचलायला सांगितलं आणि लहानग्या बाळनं, 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही' असं सांगितलं, ही गोष्ट एक ऑगस्टच्या भाषणात आपण दरवर्षी ऐकतो. टाळ्याही वाजवतो. पण त्या गोष्टीतला एक जण आपण विसरतोच – ज्यानं शेंगा खाल्ल्या तो! सगळ्यांना शिक्षा झाली की तो निवांत सुटतो. निरपराध मुलांना राग येतो तो गुरुजींचा, आणि ज्याचा यायला हवा तो राहतो बाजूला.

आजोबांचा प्रश्न

कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. कोंबडा, अंगठे धरणं, उठाबशा, छडी – त्यांनी त्यांच्या वेळी सगळं खाल्लं होतं. काठी टेकत ते म्हणाले, "आम्ही मार खाल्ला म्हणूनच माणसात आलो. आणि कायद्याचं सोडा. श्यामच्या आईनं नव्हती का शिंपटी घेतली हातात?"

सगळे गप्प झाले. कारण आजोबांचं खरंच होतं. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला त्याच्या आईनं शिंपटीनं मारून बाहेर काढलं होतं. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून. 'श्यामची आई' तुमच्यापैकी कित्येकांनी वाचलं असेल. पण ते पुस्तक सिन्नरहून जवळच, नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं, हे माहीत आहे? साने गुरुजी १९३३ च्या फेब्रुवारीत तिथे कैदेत होते. अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ते लिहून काढलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाबा, तुमचं बरोबर आहे. पण त्या पुस्तकात शिंपटी एका प्रकरणापुरती आहे, आईची माया पानोपानी आहे. आणि तोच श्याम मोठा होऊन गुरुजी झाला, तेव्हा त्यानं काय केलं?"

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलं खोल्या तशाच पसरून शाळेत जायची. गुरुजी रागावले नाहीत. मुलं नसताना त्यांनी स्वतः खोल्या झाडल्या, पसारा आवरून ठेवला. परत आलेल्या मुलांना आधी नवल वाटलं, मग लाज वाटली आणि हळूहळू ती आपलं आपण आवरू लागली.

आजोबा हसले. "तसे गुरुजी पाहिजेत ना पण!"

"मग मी करू काय?"

हे मात्र सातवीच्या वर्गशिक्षकांना लागलं. इतका वेळ ते गप्प होते.

"खरं सांगू? मला मारायचं नाहीच. मी स्वतः लहानपणी मार खाल्लाय. अजून त्या गणिताच्या तासाची भीती जात नाही. पण कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक आहे आणि मी कधी कधी दोन वर्ग एकत्र घेऊन बसतो. फळ्याकडे तोंड केलं की मागे गलका. निवडणुकीचं काम आलं, जनगणना आली की तीही आम्हीच करायची. छडी काढून घेतलीत ते उत्तमच केलंत. पण तिच्या जागी माझ्या हातात काय दिलंत?"

या प्रश्नावर कोणाकडे पटकन उत्तर नव्हतं. पालकांनो, तुमच्याकडे आहे का? 'मारू नका' एवढं सांगून आपलं काम संपत नाही. वर्ग सांभाळणाऱ्या एकट्या माणसाला आपण मदत काय करतो?

तेवढ्यात विड्या वळणारी एक आई भीत भीत उभी राहिली. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"मला कायदा काही कळत नाही. पण माझी लेक मधल्या सुट्टीत पाणीच पीत नाही. मोठी पोरं ढकलतात म्हणून. घरी येते ती सुकलेल्या तोंडानं. तिनं काही तोडलं नाही, कोणाला मारलं नाही. तरी शिक्षा रोज तिलाच होते. तिचं काय करता, तेवढं सांगा."

खोली एकदम शांत झाली. तोटी तोडणाऱ्याला काय करायचं, यावर तासभर चर्चा झाली होती. तहानलेल्या मुलीचं नाव आतापर्यंत कोणी काढलंच नव्हतं! शिस्त कोणासाठी, याचं उत्तर त्या आईनं देऊन टाकलं होतं. रांगेतल्या सगळ्यात लहान, सगळ्यात गरीब स्वभावाच्या पोरीलाही निर्धास्त पाणी पिता यावं, त्यासाठी शिस्त.

दोन खुर्च्या

आता या बैठकीतली सगळ्यात गमतीची गोष्ट. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य बायका असाव्या लागतात. हे कायद्यातच आहे. पण महाराष्ट्रात २०१० साली या समित्या स्थापन झाल्या तेव्हा आणखी एक सोय केली गेली. दोन विद्यार्थ्यांनी बैठकीत बसायचं, त्यात एक तरी मुलगी हवी. मत देता येणार नाही, पण बोलता येईल! आपल्या शाळेतही अशी दोन मुलं होती. मागच्या बाकावर अंग चोरून बसली होती.

"तुम्हाला काय वाटतं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

मुलगी उठली. "सर, तोटी कोणी तोडली ते मी पाहिलं नाही. पण ती दिवाळीपासून हलत होती. तीन नळांतला एक बंदच आहे. सुट्टी पंधरा मिनिटांची. मग सगळेच घुसतात. आम्ही शालेय मंत्रिमंडळाच्या वहीत लिहिलं होतं."

मुख्याध्यापकांनी वही मागवली. खरंच लिहिलेलं होतं, तारखेसकट! ते म्हणाले, "चूक माझी. वाचायचं राहून गेलं." मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर असं म्हटलेलं त्या मुलीनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

मग मुलगा उठला. जमिनीकडे बघत म्हणाला, "ज्यानं तोडली तो सांगत नाही, कारण सांगितलं की मार बसणार, शाळेत पण आणि घरी पण. मार बसणार नसेल तर... सांगेल बहुतेक."

रात्रपाळीवाल्या वडिलांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं.

काय ठरलं?

ठरलं ते असं. तिन्ही नळ आठवड्यात दुरुस्त करायचे. खर्च शाळेच्या अनुदानातून, आणि देखरेख समितीतल्या एका पालकाची. सुट्टीत धाकट्या वर्गांनी आधी पाणी प्यायचं, मोठ्यांनी मागून. रांगेची पाळी सातवीच्याच मुलांनी सांभाळायची. रोज एका पालकानं मधल्या सुट्टीत पटांगणात उभं राहायचं. रात्रपाळी करणाऱ्यांनी सवडीचा वार सांगायचा. वर्गाचे नियम मुलांनी स्वतः लिहायचे, पण पाचापेक्षा जास्त नाहीत, म्हणजे लक्षात राहतील.

आणि तोडणारा? त्यानं दोन दिवसांत मुख्याध्यापकांना एकट्याला भेटायचं. मार नाही, चारचौघांत पाणउतारा नाही. पण 'जाऊ दे' असंही नाही! प्लंबरच्या हाताखाली नळ बसवायला त्यानं मदत करायची, त्याच्या घरच्यांना सांगून आणि गुरुजी जवळ असताना. पहिलीच्या मुलांना आपल्या तोंडानं 'चुकलं' म्हणायचं. बिघडवलं ते आपल्या हातानं सुधारायचं.

दप्तराची गोष्ट मात्र वेगळी धरली. नळ तुटला तो दंगामस्तीत. दप्तर गटारात टाकलं ते एका मुलाला दुखवायला. तिथे आधी त्या मुलाला विचारायचं, की आणखी काय काय होतंय, कधीपासून होतंय. त्याला एकटं पडू द्यायचं नाही. मग दोन्ही घरच्यांशी वेगवेगळं बोलायचं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सगळ्यांसमोर उभं करून 'आता हात मिळवा' म्हणायचं नाही.

बैठक संपली. माणसं पांगली. तो मुलगा दाराशीच घुटमळत होता. मुख्याध्यापकांनी कुलूप लावताना विचारलं, "काय रे?"

"सर, प्लंबर कधी येणार? मी... मी पाना धरीन."

पालकांसाठी चौकट

मूल 'सरांनी मारलं' किंवा 'मुलं त्रास देतात' म्हणालं, तर पहिला प्रश्न 'तू काय केलं होतंस?' हा नको. आधी पूर्ण ऐकून घ्या. मग शाळेत जा, पण भांडायला म्हणून नव्हे. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, अशा क्रमानं बोला. समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारून ठेवा. ज्यांना कामामुळे येता येत नाही, त्यांनी आपलं म्हणणं लिहून पाठवावं. आणि घरी आपण हात उगारत असू, तर शाळेला शिस्त शिकवण्याआधी तेही एकदा तपासावं.

आणि तुमच्यासाठी

मुलांनो, कोणी मारत असेल, सतावत असेल, तर ते सांगणं म्हणजे चुगली नव्हे. चुगली दुसऱ्याला अडचणीत आणायला करतात. मदत मागतात ती कोणाला तरी अडचणीतून सोडवायला. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांगा, शाळेच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाका. कोणीच ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन दिवसरात्र फुकट लागतो. मुंबईत १९९६ साली सुरू झालेली ही सेवा पुढे देशभर पोचली.

आता या आठवड्याचं काम. तुमच्या शाळेच्या समितीत मुलांच्या वतीनं बसणारे ते दोघं कोण आहेत, शोधून काढा. नाव माहीत नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा. मग त्या दोघांना गाठा आणि तुमच्या शाळेतली 'हलणारी तोटी' कोणती आहे, ते सांगा. तुटायच्या आधी!